काँकर्डचे वकील फ्रँकलिन पिअर्स

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एकेका गाजलेल्या व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा इतर भगिनींनी जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई अशी वंदनीय नावे निवडली. मी मात्र फ्रँकलिन पिअर्स हे नाव सांगितले. सभेत क्षणभर कोणी बोलेना. मग आमच्या कार्यवाहबाईंनी हे गृहस्थ कोण, असे विचारले. अमेरिकेचे चौदावे राष्ट्राध्यक्ष, असे सांगितल्यावर मोठे थोर असतील, असे त्या म्हणाल्या. त्यावर मला नाही म्हणावे लागले. अमेरिकेतील इतिहासकार अध्यक्षांची प्रतवारी लावतात, तेव्हा ह्या गृहस्थांचे नाव नेहमी अगदी तळाशी असते.

मग त्यांचे चरित्र कशासाठी? ह्याला कारणे दोन. पहिले असे की, मी चाळीस वर्षे एका वकिलाच्या घरात संसार केला आहे. अशील, तारखा, दाखले आणि ओसरीवर येणारी पुढारी मंडळी ह्यांतच माझे आयुष्य गेले. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या एका चुकीचे आहे. ते शेवटी सांगेन.

चार वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यात गेले होते. राज्य म्हणायचे खरे, पण आकाराने आपल्या नाशिक जिल्ह्याच्या साधारण दीडपट. डोंगर, जंगल, दगडाळ शेते आणि मधूनमधून पांढऱ्या मनोऱ्यांची लहान लहान गावे. काँकर्ड ही त्याची राजधानी. तेथील विधिमंडळाच्या आवारात काही पुतळे आहेत. त्यांतील दोन मला जावयांनी मुद्दाम दाखविले. एक फ्रँकलिन पिअर्स ह्यांचा आणि दुसरा जॉन हेल ह्यांचा. दोघेही ह्याच लहानशा राज्यातले वकील, एकाच कॉलेजचे विद्यार्थी, एकाच पक्षाचे कार्यकर्ते आणि एके काळचे स्नेही. १८५२ साली हे दोघेही राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. पिअर्स निवडून आले, हेल दणकून पडले. तरीही हेल ह्यांचा पुतळा तेथे १८९२ साली उभा राहिला आणि पिअर्स ह्यांचा उभारायला १९१४ साल उजाडावे लागले. निवडून आलेल्या माणसाला पडलेल्या माणसाच्या मागून बावीस वर्षांनी जागा मिळावी, ह्याचे मला कुतूहल वाटले आणि घरी परतल्यावर मी ह्या गृहस्थांविषयी मिळेल ते वाचू लागले.

फ्रँकलिन पिअर्स ह्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८०४ रोजी न्यू हॅम्पशरमधील हिल्सबरो ह्या खेडेगावी झाला. वडील बेंजामिन पिअर्स हे स्वातंत्र्ययुद्धात लढलेले शिपाईगडी. युद्ध संपल्यावर त्यांनी जंगल तोडून शेत केले, घरात प्रवाशांसाठी खाणावळ चालविली आणि पुढे दोन वेळा राज्याचे गव्हर्नरही झाले. असा बाप म्हणजे शिस्त आलीच. फ्रँकलिन बारा वर्षांचा असताना त्याला दूरच्या शाळेत ठेवले होते. घरची आठवण अनावर होऊन एके रविवारी तो बारा मैल चालत घरी आला, अशी त्या घराण्यातली गोष्ट सांगतात. वडील एक अक्षर बोलले नाहीत. मुलाला पोटभर जेवू घातले, गाडीत बसविले आणि अर्ध्या वाटेवर उतरवून उरलेली वाट पायी जायला सांगितले. वर ढग गडगडत होते आणि पावसाला सुरुवात झाली होती. मुलगा मुकाट्याने चालत शाळेत गेला. मोठ्यांनी आखून दिलेल्या वाटेने मुकाट्याने चालायचे, हा धडा त्याने त्या दिवशी घेतला असावा. पुढे देशाचा कारभार करतानाही तो त्यांच्या अंगातून गेला नाही, असे मला वाटते.

पुढील शिक्षणासाठी ते मेन राज्यातील ब्रन्सविक गावच्या बोडन कॉलेजात गेले. तेथे सुरुवातीला इतक्या उनाडक्या केल्या, की वर्गात शेवटचा नंबर आला. मग मात्र मनावर घेऊन अभ्यास केला आणि १८२४ साली चांगल्या क्रमांकाने पदवी मिळविली. नॅथॅनिएल हॉथॉर्न हा पुढे जगप्रसिद्ध झालेला कादंबरीकार त्यांना ह्याच कॉलेजात भेटला. हा स्नेह दोघांनीही मरेपर्यंत पाळला.

कायद्याचे शिक्षण घेऊन १८२७ साली पिअर्स ह्यांनी वकिलीची सनद मिळविली आणि हिल्सबरोत वकिली थाटली. पहिलाच खटला ते हरले. पण नाउमेद झाले नाहीत. त्या काळी अशा लहान राज्यात कोर्टाचे सत्र भरणे म्हणजे एक जत्राच असे. आसपासच्या खेड्यांतून शेतकरी गाड्या जोडून येत आणि वकिलांची भाषणे ऐकायला गर्दी करीत. जे बारा ज्यूरर बाकावर बसत, तेच मार्च महिन्यात गावाच्या सभेत मतदार म्हणून बसत. त्यामुळे कोर्टात नाव मिळविलेला वकील राजकारणात गेला नाही तरच नवल. ज्यूरीचे मन वळविणारी जीभ मतदाराचेही मन वळविते. पिअर्स दिसायला देखणे, वागायला मोकळे आणि आवाजाने गोड. एकदा भेटलेल्या माणसाचे नाव व चेहरा ते विसरत नसत. गरिबांचे खटले पुष्कळदा नाममात्र फी घेऊन चालवीत. अशा माणसाला मते मागावी लागत नाहीत.

त्यांची चढण पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. १८२९ साली ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. १८३१ साली, सत्तावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्याच सभागृहाचे सभापती झाले. १८३३ साली वॉशिंग्टनला देशाच्या प्रतिनिधिगृहात गेले आणि १८३७ साली, बत्तिसाव्या वर्षी, सेनेटचे सभासद झाले. पक्षाचा आदेश त्यांनी कधी मोडला नाही. गुलामगिरीविरुद्ध जनतेचे अर्ज येत, ते चर्चेला घेऊच नयेत, असा ठराव झाला, तेव्हाही त्यांनी पक्षाचीच बाजू धरली. मनातून त्यांना गुलामगिरी आवडत होती असे नव्हे. परंतु राज्यघटनेने ती मान्य केली आहे. मग ती मोडायला निघणारे लोक देश फोडायला निघाले आहेत, असा त्यांचा वकिली हिशेब होता.

मध्यंतरी १८३४ साली त्यांचा विवाह जेन अ‍ॅपल्टन ह्या मुलीशी झाला. जेनचे वडील बोडन कॉलेजचे अध्यक्ष आणि धर्मोपदेशक. ती लहान असतानाच ते वारले होते. जेन प्रकृतीने नाजूक, स्वभावाने लाजाळू आणि वृत्तीने अत्यंत धार्मिक होती. नवरा चारचौघांत रमणारा, बायकोला एकांत प्रिय. नवऱ्याला राजकारणाचे वेड, बायकोला त्याचा तिटकारा. वॉशिंग्टनची दमट हवा, खाणावळीतले राहणे आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या पुढाऱ्यांच्या बैठका तिला सोसेनात. त्या बैठकांत मद्य वाहत असे आणि पिअर्स ह्यांना त्याची लागलेली ओढ तिला कळत होती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी हे दुःख आले असेल, त्यांना जेनच्या मनाची स्थिती सांगायला नको.

१८३६ साली त्यांना पहिला मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. १८३९ साली फ्रँक आणि १८४१ साली बेनी जन्मला. अखेर पत्नीच्या आग्रहाला मान देऊन १८४२ साली पिअर्स ह्यांनी सेनेटचा राजीनामा दिला आणि ते काँकर्डला घर करून राहिले. दारू सोडली. इतकेच नव्हे, तर दारूबंदीच्या चळवळीत भागही घेतला. वकिली जोरात चालली. ते घर आता जतन करून ठेवले आहे. मी ते पाहिले. जेनच्या आयुष्यातली सुखाची वर्षे तीच. पण तेथेही काळाने गाठले. १८४३ साली चार वर्षांचा फ्रँक तापाने गेला. दोन लेकरे गेल्यावर त्या माउलीने आपला सगळा जीव उरलेल्या बेनीवर लावला.

सेनेट सोडले तरी राजकारण सुटले नव्हते. राज्यातील पक्षाची सूत्रे पिअर्स ह्यांच्याच हाती होती. येथेच जॉन हेल ह्यांची गोष्ट येते. हेल हे डोव्हर गावचे वकील आणि पिअर्स ह्यांच्या पक्षाचे प्रतिनिधिगृहातील सभासद. टेक्सस हा गुलामगिरी असलेला प्रांत देशात घ्यावा, असा पक्षाचा आदेश असताना १८४५ च्या आरंभी त्यांनी मतदारांना जाहीर पत्र लिहून त्याला विरोध केला. पिअर्स ह्यांनी तातडीने पक्षाची सभा बोलावली आणि हेल ह्यांची उमेदवारी काढून घेतली. जून महिन्यात काँकर्डच्या एका चर्चमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला. एका बाजूला पक्षनिष्ठा व कायदा, दुसऱ्या बाजूला सदसद्विवेक. दोघेही पट्टीचे वक्ते. पुढे वर्षभर त्या जागेची निवडणूक पुन्हा पुन्हा झाली, पण कोणालाच आवश्यक ते मताधिक्य मिळेना. शेवटी हेल ह्यांनी पिअर्स ह्यांच्या पक्षाला त्याच्याच बालेकिल्ल्यात धक्का दिला आणि ते १८४७ साली सेनेटमध्ये जाऊन बसले. आरमारातील खलाशांना चाबकाने फोडून काढण्याची शिक्षा १८५० साली बंद झाली, तिच्यामागे मुख्यतः त्यांचेच प्रयत्न होते.

पिअर्स १८४७ साली मेक्सिकोच्या युद्धावर ब्रिगेडियर जनरल म्हणून गेले. तेथे घोडा बिथरून त्यांना खोगिराचा जबर मार बसला. दुसऱ्या दिवशी तशाच स्थितीत ते रणांगणावर गेले आणि वेदनेने मूर्च्छित पडले. विरोधकांनी पुढे ह्याचीच टिंगल केली. युद्धाहून परतल्यावर पुन्हा वकिली सुरू झाली. १८५० साली राज्याची घटना दुरुस्त करण्यासाठी परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष झाले. कॅथलिक पंथाच्या माणसांना अधिकारपदे मिळू नयेत, असे जुने कलम त्या घटनेत होते. ते काढून टाकावे म्हणून पिअर्स ह्यांनी बरीच खटपट केली. मतदारांनी ती दुरुस्ती फेटाळली, ही गोष्ट वेगळी. अन्यायाचे कलम बदलता येते, हे त्यांना कळत होते, एवढेच मला येथे नोंदवायचे आहे.

१८५२ चा जून महिना आला. बाल्टिमोर येथे पक्षाचे अधिवेशन भरले. चार बडे पुढारी उमेदवारीसाठी झगडत होते आणि कोणालाच पुरेशी मते मिळत नव्हती. मतदानाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. शेवटी ज्याच्यावर कोणाचाच राग नाही अशा माणसाचा शोध सुरू झाला आणि एकोणपन्नासाव्या फेरीत पिअर्स ह्यांचे नाव पक्के झाले. त्या दिवशी नवराबायको बॉस्टनजवळ गाडीतून फिरायला निघाली होती. वाटेत एका स्वाराने ही बातमी सांगितली आणि जेन जागच्या जागी मूर्च्छित पडली. अकरा वर्षांच्या बेनीने आईला पत्र लिहून कळविले, की बाबा निवडून येऊ नयेत असे मला वाटते, कारण वॉशिंग्टनला राहायला मला आवडणार नाही आणि तुलाही आवडणार नाही.

ह्या उमेदवारीसाठी आपण काही खटपट केली नाही, ती आपोआप चालत आली, असे पिअर्स ह्यांनी पत्नीला सांगितले होते. हे वाचताना मला हसू आले. आमचे हे एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले होते. मंडळींनी फारच गळ घातली, माझा इलाज चालला नाही, असे मला सांगितले. फॉर्म भरल्याला तोवर आठ दिवस झाले होते आणि ते मला दूधवाल्याकडून आधीच कळले होते. देवदयेने ते पडले, म्हणून आज मी हे हसत लिहू शकते. जेनच्या नशिबी हसणे नव्हते.

नोव्हेंबरात पिअर्स निवडून आले. एकतीस राज्यांपैकी सत्तावीस राज्ये त्यांच्या बाजूने गेली. गुलामगिरीविरोधी पक्षातर्फे उभे राहिलेल्या हेल ह्यांना एकही राज्य मिळाले नाही. ह्याच १८५२ साली हॅरिएट बीचर स्टो ह्या बाईंची गुलामांच्या हालांवरील कादंबरी पुस्तकरूपाने निघाली आणि तिने साऱ्या जगाला रडविले. ती बाईंनी लिहिली कोठे, तर बोडन कॉलेजच्या त्याच ब्रन्सविक गावात. त्यांचे पती तेथे प्राध्यापक होते.

६ जानेवारी १८५३. पिअर्स, जेन आणि बेनी मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर गावाहून आगगाडीने काँकर्डला निघाले होते. गाव सोडून थोडे अंतर गेल्यावर डबा रुळावरून घसरला आणि बांधावरून खाली कोसळला. आईबापांना फारसे लागले नाही. बेनी मात्र जागीच गेला. त्याचा अंत दोघांनी डोळ्यांनी पाहिला. ह्याहून अधिक मी लिहीत नाही, लिहवत नाही. नवऱ्याला देशाच्या कारभारात कसलेही व्यवधान राहू नये म्हणून देवाने मुलाला नेले, असा अर्थ जेनने लावला. पुढे थोड्याच दिवसांत, उमेदवारी आपोआप आली नव्हती, तिच्यासाठी नवऱ्याने खटपट केली होती, हेही तिच्या कानांवर आले.

४ मार्च १८५३ रोजी पिअर्स ह्यांनी अधिकारग्रहण केले. जेन त्या समारंभाला गेली नाही. त्यांनी बायबलावर हात ठेवून शपथ घेण्याऐवजी कायद्याच्या ग्रंथावर हात ठेवून प्रतिज्ञा केली आणि लांबलचक भाषण कागद हाती न धरता मुखोद्गत म्हणून दाखविले. व्हाइट हाउसमध्ये जेन जवळजवळ दोन वर्षे वरच्या मजल्यावरच राहिली. मेजवान्यांची व्यवस्था तिची विधवा मामी पाहत असे. गेलेल्या बेनीला तिने पत्र लिहिले आणि आपली माया आपण पुरेशी दाखविली नाही म्हणून त्याची क्षमा मागितली. पिअर्स दिवसभर कामात असत, आणि सुटलेले मद्य पुन्हा जवळ आले.

आता ज्या महिन्यासाठी हे चरित्र मी लिहायला घेतले, त्याकडे वळते. १८५४ चा मे महिना. डॉरोथिया डिक्स नावाच्या एक शिक्षिका होत्या. मॅसॅच्युसेट्समधील एका तुरुंगात त्यांनी वेड लागलेल्या स्त्रिया ऐन थंडीत विस्तवावाचून कोंडलेल्या पाहिल्या आणि तेव्हापासून अशा अभागी जीवांसाठी त्यांनी देह झिजविला. सरकारने आपल्या पडीक जमिनींपैकी एक कोटी एकर ह्या रुग्णांच्या इस्पितळांसाठी राज्यांना द्यावी, म्हणून त्या सहा वर्षे खासदारांचे उंबरठे झिजवीत होत्या. त्या काळी बायकांना मताचा अधिकार नव्हता, हे ध्यानात घ्या. अखेर दोन्ही सभागृहांनी ते बिल संमत केले. ३ मे रोजी पिअर्स ह्यांनी ते नामंजूर करून परत पाठविले. बाईंच्या कार्याबद्दल त्यांनी सहानुभूती दाखविली. परंतु दानधर्म करण्याचा अधिकार राज्यघटनेने मध्यवर्ती सरकारला दिलेला नाही, ते काम राज्यांचे, असा त्यांचा मुद्दा होता. कायद्याच्या दृष्टीने तो मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण बाईंची सहा वर्षे फुकट गेली.

त्याच महिन्याच्या ३० तारखेस त्यांनी कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्यावर सही केली. १८२० साली झालेल्या तडजोडीने पश्चिमेकडच्या प्रदेशात एका रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी कायमची बंद केली होती. नव्या कायद्याने ती रेषा पुसली आणि गुलाम ठेवायचे की नाही, हे त्या त्या प्रदेशातल्या वसाहतवाल्यांनी ठरवावे, असे झाले. सिनेटर डग्लस आणि पिअर्स ह्यांचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस ह्यांनी जानेवारीतच एका रविवारी भेटून त्यांचा रुकार मिळविला होता. परिणाम असा झाला की, दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये घुसले आणि तेथे रक्त सांडू लागले.

आणि तिसरी गोष्ट. अँथनी बर्न्स नावाचा एक तरुण गुलाम व्हर्जिनियातून पळून बॉस्टनला आला होता. त्याला पकडले, तेव्हा सारे शहर खवळले. पळालेला गुलाम मालकाला परत द्यावा, असा कायदा होता. पिअर्स ह्यांनी तो कायदा अमलात आणण्यासाठी सैन्याची मदत पुरविली. २ जूनला त्या एका निःशस्त्र माणसाला शिपायांच्या रांगांमधून बंदरावर नेले. रस्त्याच्या दोहों बाजूंस हजारो लोक उभे होते आणि खिडक्यांवर काळी कापडे लावली होती. पुढच्या वर्षी लोकांनी वर्गणी जमवून बर्न्सला विकत घेतले आणि मुक्त केले.

एका महिन्याच्या आत ह्या तीन सह्या. वेड्यांना जमीन द्यायची वेळ आली, तेव्हा कायदा आड आला. गुलाम परत करायची वेळ आली, तेव्हा तोच कायदा सैन्य घेऊन धावला. पिअर्स दुष्ट नव्हते. गरिबाचा खटला स्वस्तात चालविणारा, मित्राला जन्मभर न विसरणारा माणूस दुष्ट कसा असेल? पण समोरचा माणूस आधी पाहायचा की आधी कलम पाहायचे, ह्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर ठरलेले होते.

१८५६ साली त्यांना पुन्हा उभे राहायचे होते, परंतु त्यांच्याच पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. निवडून आलेल्या अध्यक्षावर अशी पाळी येण्याची ती पहिलीच वेळ. न्यू हॅम्पशरमध्येही वारे फिरले होते; १८५५ साली तेथील विधिमंडळाने हेल ह्यांना पुन्हा सेनेटवर पाठविले होते. पिअर्स जेनला घेऊन मदिरा बेटावर व युरोपात हिंडले, पण तिची प्रकृती सुधारली नाही. मग यादवी युद्ध पेटले. पिअर्स ह्यांचे स्नेही जेफरसन डेव्हिस आता बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष झाले होते. पिअर्स ह्यांनी लिंकन ह्यांच्या धोरणावर उघड टीका केली आणि आपल्याच गावात ते नकोसे झाले. परंतु १८६२ साली लिंकन ह्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली वारला, तेव्हा पिअर्स ह्यांनी त्यांना सांत्वनाचे पत्र लिहिले. बेनीही अकराच वर्षांचा होता.

१८६३ च्या डिसेंबरात जेन क्षयाने वारली. पुढच्या मे महिन्यात आजारी हॉथॉर्नला हवापालटासाठी घेऊन पिअर्स प्रवासाला निघाले. एका रात्री मुक्कामाच्या ठिकाणी ते मित्राला पाहायला उठले, तो त्याचे प्राण गेलेले होते. १८६५ साली लिंकन ह्यांचा खून झाला, तेव्हा संतप्त जमाव पिअर्स ह्यांच्या दाराशी आला आणि घरावर निशाण का नाही, असे विचारू लागला. म्हातारा एकटाच बाहेर आला आणि शांतपणे बोलला. जमाव परत गेला. वकिलाची जीभ अजून शाबूत होती. ८ ऑक्टोबर १८६९ रोजी, दारूने यकृत पोखरलेल्या अवस्थेत, ते काँकर्डला वारले. जेन आणि मुले ह्यांच्याजवळच त्यांना पुरले आहे.

हेल १८७३ साली वारले. त्याच वर्षी आपल्या पुण्यात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेच्या मानात हेल ह्यांच्यासारख्यांचा वाटा आहे. पिअर्स ह्यांचा नाही. सात समुद्रांपलीकडच्या माणसानेही जो न्याय ओळखला, तो काँकर्डच्या ह्या हुशार वकिलाला आपल्या दारात दिसला नाही.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी मी आपल्या मंडळाची कोषाध्यक्ष होते. आपल्याकडे अडीअडचणीसाठी एक साहाय्यनिधी आहे, हे आपण जाणताच. एके दुपारी आपल्यातलीच एक भगिनी घरी आली. नवरा आजारी होता आणि इस्पितळात आगाऊ रक्कम भरायची होती. मी घटनेची वही काढली. वर्गणी थकलेल्या सभासदास साहाय्य देता येणार नाही, असे कलम होते आणि तिची दोन वर्षांची वर्गणी थकलेली होती. मी ते कलम तिला वाचून दाखविले. वाईट वाटते, पण माझा नाइलाज आहे, असेही म्हणाले. ती बरे म्हणाली, पदर सावरला आणि चहा न घेताच निघून गेली. त्यानंतर ती मंडळात आली नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हिशेब चोख ठेवल्याबद्दल माझे कौतुक झाले. थकलेली वर्गणी मी पदरची भरू शकले असते आणि मग कलमही मोडले नसते. हे मला त्या दुपारी सुचले नाही. काँकर्डच्या पुतळ्यासमोर सुचले.

नियम नकोत, असे मी म्हणत नाही. वकिलाच्या घरात आयुष्य काढलेली बाई तसे म्हणणार नाही. नियमांवाचून मंडळ पंचवीस वर्षे चालले नसते. पण नियम माणसांनी केले आणि माणसांना ते सुधारता येतात. येत्या वार्षिक सभेपुढे ह्याच कलमाच्या दुरुस्तीचा ठराव येणार आहे. तो मी मांडला आहे. त्याच्या बाजूने मत द्यावे, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे. त्या भगिनीच्या घरी मी जाऊन आले. काय बोलणे झाले, ते आमच्या दोघींपुरते राहू द्या. सभेला येईन, एवढे तिने कबूल केले आहे.